ओढ्याच्या पलीकडची विरळणी

"आमच्या केंद्रात माझ्याइतकं जपून काम करणारा माणूस दुसरा नाही!" शुक्रवारी सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर एल्डननं छाती फुगवून सांगितलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

एल्डन मिशिगनच्या उत्तर टोकाला मेपलच्या जंगलांच्या विरळणीवर संशोधन करायचा. दाटीतली कुठली झाडं काढली म्हणजे उरलेली जोमानं वाढतात, ते बघायचं. स्वभाव असा भित्रा, की वाऱ्यानं पान गळलं तरी आपल्याच हातून गळलं की काय, अशी धास्ती! पण त्या दिवशी माशाच्या सूपचा दुसरा वाडगा पोटात गेला होता, बायको काइसा कौतुकानं बघत होती. गडी खुलला.

"ओढ्याच्या पलीकडचा तुकडा बघा," तो म्हणाला. "मी नोकरीला लागायच्या आधीपासून तिथे कुणी करवत लावलेली नाही! सोमवारी केंद्रात पाहुणे आले की आधी तोच बघणार!"

सासऱ्यांचा, म्हणजे रेइनोंचा चमचा हवेतच थांबला. जन्म लाकूडतोडीत गेलेला माणूस. पाहुणे येणार आणि जावयाचं रान असं माजलेलं! पोराला काम उरकत नसणार, सांगायची लाज वाटत असणार. त्यांनी नुसतं त्याच्या पाठीवर थोपटलं. एल्डनला वाटलं, शाबासकी मिळाली!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतता ओतता काइसा म्हणाली, "पप्पा चर्चमधल्या दोस्तांना घेऊन गेलेत. करवती घेऊन."

"कुठे?"

"तुझा तो तुकडा साफ करायला. सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून. तुला चकित करायचंय त्यांना."

एल्डन चकित झाला नाही, पांढराफटक पडला! तो तुकडा मुद्दाम तसा राखलेला, 'कंट्रोलचा' होता. विरळणी केलेल्या झाडांची तुलना करायची ती याच न तोडलेल्या झाडांशी. तोच गेला तर त्याच्या आधीच्यांचीसुद्धा सगळी मोजमापं चुलीत!

घरातल्या सपाताच घालून तो गाडीत बसला. सासऱ्यांच्या पिकअपच्या चाकोऱ्या धरून रानात शिरला, तर समोर ताजे बुंधे, भुशाचे ढीग आणि मधोमध घाम पुसत हसणारे रेइनो.

"थांबा! थांबा! हात नका लावू!"

"अरे, आभार नंतर मान. निम्मं झालंय."

"पप्पा, इथे काही करायचंच नसतं!"

"काहीच नाही?"

"काहीच नाही! न करणं हेच काम आहे!"

रेइनोंनी करवत बंद केली आणि दोस्तांकडे वळून हळूच म्हणाले, "ताण आलाय पोराला."

एल्डननं तिथूनच संचालिका डॉ. ब्रेनर यांना फोन लावला. "बाई, सगळं संपलं! कंट्रोलचा तुकडा तोडला. राजीनामा देतो!"

"जागचे हलू नका," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला.

तो एका खोडाला टेकून खाली बसला. आपल्या प्रत्येक झाडावर पत्र्याचा बिल्ला ठोकलेला असतो, निदान शेवटचा हात फिरवून घ्यावा म्हणून त्यानं खोड चाचपलं. बिल्ला नव्हता. दुसऱ्या खोडावर नाही. तिसऱ्यावरही नाही!

"पप्पा, तुम्ही आलात कुठल्या रस्त्यानं?"

"लाकडाच्या गिरणीच्या. ओढा ओलांडून पलीकडे आलो, तूच सांगितलंस की!"

एल्डन आपल्या केंद्राकडून यायचा आणि रेइनो गिरणीकडून. दोघांचं 'पलीकडे' वेगळं! तो सपातांसकट ओढ्यातून धावला. पलीकडे राखलेला तुकडा जसाच्या तसा, दाट, गचपणानं भरलेला, बिल्ल्यांसकट उभा! आनंदानं ओरडत तो परत आला आणि एका बुंध्यावर चढून चक्क नाचला.

"माझ्या रानात नाच कसला चाललाय?" मागून आवाज आला.

शेजारचे अर्विड! शिंग हरवलेल्या बैलासारखा चेहरा करून, हातात कॉफीचा थर्मास घेऊन उभे. भीतीपोटी एल्डन बोलतच सुटला. वरती उजेड कसा येतो, फांद्यांना जागा कशी मिळते, खोडं कशी भरतात...

अर्विडनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हणजे रान सुधारलं म्हणायचं?"

"सुधारलं! अगदी सुधारलं!"

"मग हा पसारा कोण उचलणार?"

दुपारी डॉ. ब्रेनर जीव मुठीत धरून पोचल्या, तेव्हा एल्डन ओल्या सपातांनी फांद्या ओढत होता. त्याच्या केसांत पानं अडकली होती.

"कंट्रोल?"

"सुरक्षित आहे, बाई. पलीकडे."

"पलीकडे म्हणजे कुठल्या?" असं विचारून त्या स्वतःच ओढा ओलांडून बघून आल्या. मग एक मोठा सुस्कारा टाकून त्यांनी कोट काढला आणि फांदीचं दुसरं टोक धरलं.

बुंध्यावर बसलेल्या अर्विडनी कॉफीचा घोट घेतला. "बाई," ते म्हणाले, "आधी ती मोठी फांदी घ्या. हा एकटा असला की तिला टाळतो."