आत्याबाईंची बंदिस्त सहल

मोटार चालवल्याने झिजते, हे निर्विवाद सत्य आहे. ती उभी ठेवल्यानेही झिजते, पण त्यात आपली चूक दिसत नाही. म्हणून सुजाण माणूस मोटार चालवत नाही. तो तिला नेतो. आणि नेण्यासाठी छपरासकट चहूबाजूंनी बंद असा ट्रेलर घेतो, म्हणजे ऊन, धूळ, खडे आणि शेजाऱ्यांची नजर यांचा एकदमच बंदोबस्त होतो.

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक निरीक्षक (पाठीमागे ‘मापारी’, तोंडावर ‘साहेब’) असेच सुजाण होते. त्यांच्या आत्याबाईंनी आतोबांची जुनी निळी मोटार त्यांना देऊन टाकली, ती एकाच अटीवर. लग्नानंतर आतोबांनी त्यांना याच गाडीतून नदीच्या पुलावरून पलीकडच्या टेकडीवर नेले होते. तसे एकदा न्यायचे, काचा खाली करून. आत्याबाईंना तेव्हा त्र्याऐंशी सरले होते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावले होते, “जे बघायचं ते दोन-अडीच वर्षांत बघून घ्या. पुढचं माझ्या हातात नाही.”

“उद्याच जाऊ,” मापारी म्हणाले. मग त्यांनी गाडी पुसली आणि तिथेच घात झाला. गाडी चमकली. चमकलेली गाडी रस्त्यावर काढायचा त्यांना धीर होईना.

उघडे ट्रेलर त्यांनी बघताक्षणी नाकारले. लेकराला न्हाऊमाखू घालून उकिरड्यावर बसवण्यातला तो प्रकार. बंदिस्त ट्रेलरच्या निवडीला अकरा महिने लागले आणि ते कमीच म्हणायचे. गाडीची लांबी अठ्ठावीस वेळा मोजण्यात आली. अठ्ठावीसही वेळा ती तेवढीच भरली, त्यामुळे टेपविषयीचा संशय बळावला. शिवाय तोलाचा प्रश्न होता. बोजा पुढे जास्त झाला तर ओढणारी गाडी मान टाकते आणि मागे जास्त झाला तर ट्रेलर शेपूट हलवतो. खात्री करण्यासाठी मोटारीऐवजी वाळूची पोती भरून ट्रेलर पुलावरून टेकडीपर्यंत सात वेळा नेण्यात आला. टेकडीवरून नदी फार सुंदर दिसते, असे मापाऱ्यांनी परत येऊन आत्याबाईंना मुद्दाम कळवले.

मग सजावट. तळाला बारा कड्या, कड्यांना पट्टे, गाडी आत ओढायला विजेवर चालणारी विंच, छताला पंखा, छत्तीस दिवे आणि दोन्ही भिंतींना अवजारांची रंगवलेली कपाटे. आत चढताना चपला बाहेर काढायच्या. एवढा ट्रेलर उन्हात ठेवणार कसा? म्हणून त्याला ताडपत्री, ताडपत्री मळू नये म्हणून शेड, शेड गंजू नये म्हणून तिला रंग. रंग वाळेपर्यंत पावसाळा आला (पावसाळ्यावर खात्याचे नियंत्रण नाही).

आत्याबाईंचा फोन दर दोन-तीन महिन्यांनी यायचा.

“झालं का रे?”

“कपाटांच्या बिजागऱ्या तेवढ्या राहिल्यात, आत्या.”

“बरं. पेपर आता वाचता येत नाही. मथळे लागतात अजून.”

पुढच्या फोनच्या वेळी दिवे बसत होते आणि आत्याबाईंना मथळे लागेनासे झाले होते. त्यापुढच्या वेळी पंखा बसला होता आणि खोलीत दिवा लागलाय की नाही, एवढेच त्यांना कळत होते. दोन्हीकडची कामे अशी बरोबरीने मार्गी लागत होती.

“अहो, गाडी आत गेल्यावर तिचं दार उघडेल का?” बायकोने एकदा विचारले.

“दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटीमीटर शिल्लक आहेत.”

“आणि माणूस?”

माणूस मोजण्याचा खात्यात प्रघात नव्हता. पहिल्याच चाचणीत मापारी गाडीसकट आत गेले आणि पावणेदोन तास आतच राहिले. पण त्यातूनही त्यांनी निष्कर्ष काढला: ज्याला बाहेर पडता येत नाही, तो पडण्याचा धोका नाही. वयस्कर प्रवाशासाठी याहून सुरक्षित सोय कोणती?

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दिवस ठरला. ठेवणीतले कपडे घालून आत्याबाई सकाळी सहापासून दारात बसल्या होत्या. पुलापाशी गाडी ट्रेलरमधून उतरवायची, असा बेत होता. रस्त्यावर मात्र चिखलाची तीन डबकी आढळली. तेव्हा गाडी ट्रेलरमधूनच न्यायची आणि आत्याबाईंना गाडीतून, असे ठरले. ट्रेलरमध्ये माणूस बसवण्यास नियमाने मनाई आहे. मापाऱ्यांनी आयुष्यात नियम मोडला नव्हता, म्हणून त्यांनी वहीत नोंद केली: ‘सामान. नग एक. नाजूक.’

पुढची गाडी बायको चालवणार होती. मापारी निळ्या मोटारीत स्टिअरिंग धरून आत्याबाईंच्या शेजारी बसले. विंचने दोघांना आत ओढले, मागचे दार लागले, छत्तीस दिवे उजळले.

“काच खाली कर,” आत्याबाई म्हणाल्या.

मापाऱ्यांनी हात लांब करून त्यांच्या बाजूची काच खाली केली. आत्याबाईंनी हात बाहेर काढला. तो कपाटाला लागला.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “पूल आला का रे?”

मापाऱ्यांनी कपाटाकडे पाहिले. “आला.” (बायकोच्या म्हणण्यानुसार तेव्हा ट्रेलर पेट्रोल पंपावर रांगेत उभा होता.)

“नदीचा वास येत नाही.”

मापाऱ्यांनी पंखा लावला. “आता?”

“आता रंगाचा येतोय.” आत्याबाई म्हणाल्या. “मला काही दिसत नाही, बाळ. तू बघ आणि मला सांग. पाणी किती आहे?”

बत्तीस वर्षे दुसऱ्यांची मापे तपासलेल्या माणसाने शेजारच्या कपाटाच्या बिजागऱ्या मोजल्या. मापाऱ्यांना लाज वाटली. इतकी, की स्टिअरिंगवरचे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“भर… भरपूर आहे, आत्या,” ते म्हणाले.

आत्याबाईंनी चाचपडत त्यांचा दंड शोधला आणि थोपटला. “खोटं बोलताना तुझे आतोबाही असेच अडखळायचे. गाडीला ओरखडा नाही ना आला?”

“नाही.”

“मग चल घरी.”

त्या दिवसाचा अहवाल वहीत आहे. मोटार: ओरखडे शून्य. ट्रेलर: ओरखडे शून्य. नग एक: जसा नेला तसा परत.

मापाऱ्यांना खुशाल हसावे. त्याआधी फक्त आपल्या घरातले काचेचे कपाट एकदा उघडावे आणि चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेला कपबश्यांचा सेट मोजावा. सहाच्या सहा निघतील, एकाचाही टवका उडालेला नसेल. मग ज्या माणसाला त्यातून चहा द्यायचा होता, त्याला फोन लावावा. लागला तर.