ब्लॉगसाठी कूलर

"सर, तुम्ही स्वतः कधी ब्लॉग लिहिलाय, की आम्हाला नुसतंच शिकवता?"

हा प्रश्न माझा नाही हं! माझ्या वर्गातल्या सपना आणि रूपाने पैज लावली होती, "भूमिका, हिंमत असेल तर विचार!" हिंमत? माझ्यात? वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझ्यात इतकी हिंमत साठलीय की थोडी वर्गात वाटून टाकावी! उभी राहिले आणि विचारलं.

कम्प्युटरचे नवीन सर हसले. "नाही लिहिला. तू लिही! तीन आठवड्यांनी, शनिवारी, परिपाठानंतर सगळ्या शाळेसमोर पडद्यावर उघडू. जमलं तर शाळेचा ब्लॉग वर्षभर तुझ्या हातात. नाही जमलं तर रूपाच्या, तिने आधीच मागून ठेवलाय."

रूपाने पैज का लावली, ते मला तेव्हा कळलं.

घरी येऊन मी चौदा व्हिडिओ पाहिले. ब्लॉग ठेवायला दोन जागा असतात. एक, कंपनीच्या कम्प्युटरवर. फुकट, सोपी, पण नियम त्यांचे. दुसरी, आपल्याच कम्प्युटरवर. तिथे राज्य आपलं, पण तो दिवसरात्र चालू ठेवायचा आणि सांभाळायचाही आपणच! जेवताना मी हे बाबांना सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. बाबांनी मेहरूणमध्ये अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढलीत. घरमालक भिंतीत खिळा ठोकू द्यायचा नाही. पिंप्राळ्यात स्वतःचं घर झालं, त्या दिवशी बाबांनी सतरा खिळे ठोकले. त्यातल्या नऊ खिळ्यांवर आजही काही टांगलेलं नाही!

"दुसऱ्याच्या जागेत? माझी पोरगी?" बाबांनी घास खाली ठेवला. "उद्या ते म्हणाले, उचला सामान, मग?"

"अहो, ती कम्प्युटरचं बोलतेय," आई म्हणाली.

"जागा ती जागा!"

झालं! माळ्यावरचा जुना कम्प्युटर उतरवून आतल्या खोलीत बसवला. इंटरनेटवाल्याकडून आमच्या कनेक्शनसाठी कायमचा पत्ता घेतला. ब्लॉग सुरू! मी वरच्या पट्टीचा रंग अकरा वेळा बदलला. 'माझ्याविषयी'मध्ये माझे चार फोटो टाकले.

पण जळगावचा एप्रिल! चव्वेचाळीस डिग्री! कम्प्युटर इस्त्रीसारखा तापायचा आणि आपोआप बंद पडायचा.

"त्याला कूलर लागेल," मी जाहीर केलं.

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं मूत्रपिंड मागितलंय! घरात कूलर एकच. पण बाबा म्हणाले, "पोरीच्या इज्जतीचा प्रश्न आहे!" आणि कूलर हॉलमधून आत गेला. आम्ही तिघं बाहेर ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचो, आणि ब्लॉग आत एकटा वाळ्याची हवा खायचा!

शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारलंच, "आत कोणी पाहुणा आलाय का?"

"ब्लॉग," आई म्हणाली.

"जेवतो का?"

"नाही."

"मग कधी जाणार?"

"विचारू नका, अक्का!"

शनिवार उजाडला. मी शाळेला निघाले आणि दारात धुळ्याचे युवराजमामा! "जय भीम, भाची!" म्हणत, घाम पुसत, गार हवेचा माग काढत ते थेट आतल्या खोलीत गेले. मी घाईत होते. थांबायला हवं होतं!

शाळेच्या हॉलमध्ये सहाशे मुलं. सरांनी पत्ता टाकला. पडद्यावर चक्र फिरलं. फिरत राहिलं. मग अक्षरं उमटली, 'ही साइट उघडत नाही.'

मी धावत पुढे गेले. "सर, एक फोन!"

सरांनी फोन दिला. स्पीकर चालू आणि समोरचा माइकसुद्धा चालू, हे मला कुठे ठाऊक?

"आई, ब्लॉग चालू आहे का बघ ना!"

"अगं, त्या खोलीत मामा झोपलेत. घोरतायत!" सहाशे मुलांनी ऐकलं.

"उठव त्यांना!"

खुडबुड झाली. मग मामांचा अहिराणी आवाज, "मी काहीच करं नही! मी फक्त मोबाईल चार्जिंगले लावा!"

"कुठली पिन काढलीत, मामा?"

"जाडी व्हती ती!"

"लावा ना परत!"

"थांब, वायर कूलरखाली अडकलीय," आई म्हणाली. "जरा सरकवते..."

धप्प! चर्रर्र!

"अगं बाई! धूर!"

"कूलरनं बठ्ठं पानी कम्प्युटरना डोकावर पडनं!" मामा ओरडले.

"मेन स्विच! मेन स्विच बंद!" हे बाबा. आणि फोन कट!

मी पुन्हा लावला. आई म्हणाली, "आम्ही सगळे ठीक आहोत गं. ब्लॉग गेला."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "दोन मिनिटं मौन!" आणि हॉल हसत सुटला.

सरांनी सगळ्यांना गप्प केलं. "हसू नका. भूमिका, कम्प्युटर गेला म्हणून लिखाण गेलं का? तुझा एक लेख तोंडी सांग. तेवढ्यावर शाळेचा ब्लॉग तुझा!"

वाचले! मी माइक धरला. तोंड उघडलं. आणि त्या क्षणी मला जो धक्का बसला, तो त्या कम्प्युटरलाही बसला नसेल! तीन आठवडे मी रंग बदलले, अक्षरं बदलली, कूलर हलवला. लेख? एकही नाही!

"नमस्कार मंडळी," मी म्हणाले. एवढंच लिहिलं होतं.

"छान. पुढे?"

"पुढे... धूर, सर."

रूपाने कंपनीच्या फुकट जागेवरचे नऊ लेख टकाटक उघडून दाखवले. शाळेचा ब्लॉग तिचा!

घरी आले. कूलर हॉलमध्ये, मामा कूलरसमोर, आई-बाबा फरशी पुसतायत. मी मधोमध उभी राहिले.

"आई, बाबा, माझा निर्णय झालाय! ब्लॉग कंपनीच्याच जागेत टाकणार. पण लगेच नाही. आधी आपल्या घरात लिहिण्यासारखं काहीतरी घडू तर दे!"