घाऱ्या डोळ्यांचं घराणं

शारजातल्या अल नहदाला राहणारा परेश चष्म्याचा नंबर काढायला गेला नसता, तर पुढचं काही घडलंच नसतं. दुकानातला रिझवान त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून सहज म्हणाला, "भाईसाब, आँखें तो आपकी अंग्रेज जैसी हैं." गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून माणूस बोलतो. पण परेशने ते बोलणं चष्म्यापेक्षा घट्ट नाकावर बसवून घेतलं.

त्या दिवसापासून त्याला चैन म्हणून नाही. दुबईच्या हद्दीवर गाड्या तुंबल्या, की हा आरशात मागची गाडी सोडून स्वतःचे डोळे बघायचा. (मागच्यांचे हॉर्न बसायची वेळ आली.) जेवता जेवता उठायचा, मोबाईल चाळायचा, परत बसायचा. आपण मुळात कोण? आजोबांच्या आधी कोण? वडील गेलेले, सांगणार कोण? मग इंटरनेटवर पूर्वज शोधून देणारे असतात, त्यांना विचारलं. त्यात निघाला एक टॉमस. इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, परेशच्या कोकणातल्या गावाजवळ सडक बांधायला आलेला. खलास. त्या शेतकऱ्याचा जमीनदार व्हायला परेशच्या डोक्यात एक चहा पुरला. ऑफिसात 'आमची तिकडची इस्टेट' सुरू झाली. त्याने टॉमसच्या नातीलाही हुडकून काढलं. डोरिस तिचं नाव. ती म्हणाली, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेय, वाटेत दुबईला उतरते, शनिवारी भेटते.

परेशची आई, सगुणा, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आलेली होती. लसूण सोलत तिने विचारलं, शनिवारी कोण येतंय. परेशने मोठ्या थाटात सगळं सांगितलं. टॉमस आपला पणजोबा असणार, म्हणून हे डोळे. सगुणाने लसणाची पाटी बाजूला सारली.

"म्हणजे माझ्या आजेसासूने काय केलं म्हणतोस तू?"

पणजोबा साहेब म्हटला की मधे पणजी येते, हे परेशच्या डोक्यात आलंच नव्हतं. तो चाचरत म्हणाला, कदाचित लग्न झालं असेल. त्यावर सगुणाने साहेबाला मुंडावळ्या कोणी बांधल्या, अंतरपाट कोणी धरला, सगळं विचारून घेतलं. आत संजना, म्हणजे परेशची बायको, पदर तोंडात धरून हसत होती. सगुणाने शेवटचं सांगितलं, "त्या बाईने माझ्या आजेसासूचं नाव घेतलं, तर मी त्याच संध्याकाळी विमानात बसेन."

शनिवारपर्यंत परेश घरात अनवाणी येरझाऱ्या घालत राहिला. साहेब हवा होता, आणि आईही जायला नको होती.

डोरिस आली. राठ हात, मजबूत पाय, आयुष्यभर गाईगुरं केलेली बाई. आणि डोळे? काळेभोर, अगदी आपल्याकडच्यासारखे. तिचा नवरा गुडघा धरून हॉटेलात बसला होता. बाई बोलायची आणि संजना सासूला मराठीत सांगायची. टॉमस कोकणातून परतला तेव्हा कडेवर काळ्या डोळ्यांचं पोर होतं, तोच डोरिसचा बाप. आई कोण, हे टॉमसने मरेपर्यंत सांगितलं नाही. गावाला वाटतं, कोणी राणी असेल. डोरिसनेही सगळीकडे तसंच सांगून ठेवलंय. एवढं बोलून तिने परेशला विचारलं, ती तुमची पणजी असेल का?

परेशने डोळे मिटले. पण सगुणा उठली नाही.

"सांग तिला, आमची नव्हे. आमची आजेसासू सासरच्या घरातून बाहेर पडली ती चौघांच्या खांद्यावरून. आणि ह्याचे डोळे माझ्या बापाचे. माझे सगळे भाऊ घारे. हा बापाकडचं उकरत बसला. आईलाही माहेर असतं, हे ह्याला कोण सांगणार?"

"आई, मग आजोबांचे डोळे कुठून—"

"पुढे बोललास तर बघ."

डोरिसचा चेहरा उतरला. सातासमुद्रापलीकडून बाई आजीचं नाव विचारायला आली होती, आणि ते इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगुणाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आतून स्वतःची कोरी पैठणी आणली, नारळ, तांदूळ घेतले. कुणाची का असेना, कोकणातल्या लेकीची नात म्हणजे माहेरवाशीणच, म्हणाली, आणि तिची ओटी भरली. डोरिस रडली, सगुणाही रडली. संजना तर आधीपासूनच रडत होती.

मग फोटो ठरला. सगुणाने नऊवारी, नथ, ठुशी, सगळं चढवलं. मधे सगुणा, एका बाजूला डोरिस, दुसरीकडे संजना आणि नात पर्णिका. परेश मोबाईल धरून समोर उभा. त्यानेच मग डोरिसला, हॉटेलातून नवऱ्याला घेऊन, एअरपोर्टला सोडलं, बॅगा उचलल्या, दार उघडून दिलं.

गावाला सांगून ठेवलेली राणी आता दाखवायलाच हवी होती, म्हणून सोमवारी डोरिसने तो फोटो फेसबुकवर टाकला. शेकडो लोकांनी वाहवा केली. खाली तिने काय लिहिलंय ते पर्णिकाने वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, यू आर इन इट, सॉर्ट ऑफ." संजनाने सासूला मराठीत सांगितलं:

"आमच्या राणीसाहेब, सूनबाई आणि राजकन्येसह. फोटो काढला त्यांच्या ड्रायव्हरने. भला माणूस आहे, डोळे अगदी इंग्रजासारखे."