आमच्या कॉम्प्युटरने पकडलेली टकटक

आमच्या केनवडवरून विमानं जातात ती नेमकी मी रिसोडच्या कॉलेजात जावक रजिस्टरवर शिक्के मारत असतो तेव्हा. एवढीशी अडचण! दुसऱ्या कोणी सोडून दिली असती. पण मी हौशी रेडिओवाला आहे. सरकारी परीक्षा पास होऊन परवाना मिळवलेला आहे. (दुसऱ्या खेपेला पास झालो, पण परवान्यावर ते कुठे लिहिलेलं नसतं.)

माझ्याकडे एक स्कॅनर आहे. स्कॅनर म्हणजे एका जागी न टिकणारा रेडिओ. एकामागून एक जागा चाचपत जातो आणि कुठे आवाज सापडला की तिथे थांबतो. विमानातले पायलट खालच्या माणसांशी बोलतात ते मला त्यात ऐकायचं होतं. सुट्टीच्या दिवशी ऐकायला बसलो की, "काहो, जरा दळन घेऊन या," असं एवढंच स्पष्ट ऐकू यायचं. ते स्टेशन आमच्या स्वयंपाकघरात आहे.

म्हणून मी ठरवलं, की आपण नसताना कॉम्प्युटरनेच ऐकायचं. घरातला जुना कॉम्प्युटर स्कॅनरला जोडला. आवाज आला की त्याने वेळ टिपायची, आवाज साठवायचा आणि माझ्या फोनवर निरोप पाठवायचा. छतावरच्या निळ्या झेंड्याशेजारी बांबू उभा करून अँटेना बांधला. माझे वडील ग्यानबा खालून पाहत होते.

"झेंड्यापेक्षा उंच नोको करू," ते म्हणाले.

"बाबा, उंच असला की दूरचं ऐकू येते."

"जवळचं ऐकत जा आधी."

खरं तर त्या दिवसांत जवळचं ऐकवत नव्हतं. आमच्या वावराला लागून मदनसिंगचं वावर. त्याचा हरभरा घाटे धरायला आला होता आणि रोज सकाळी त्याचे शेंडे कुरतडलेले, झाडं तुडवलेली सापडायची. मदनसिंगने वावराभोवती सोलरचं झटका मशीन लावलेलं होतं. तारेतून सेकंदा-सेकंदाला झटका सुटतो, जनावर शिवलं की पळून जातं. आत येणार कोण? मग त्याला आमच्या गायीचा संशय आला. आमच्या दोन वावरांमध्ये एक फाटक आहे, तिथे तार नाही.

"तुमची चंद्रीच येते, ग्यानबाकाका. खुरं दिसून राह्यले ना मले!"

"माही गाय रातभर दाव्याले असते."

"मंग माहा हरभरा काय मी खाल्ला?"

"तुह्या घरचं मी काय सांगू?"

झालं. वीस वर्षांचा शेजार त्या एका वाक्यात बसला. मदनसिंग म्हणाला, रविवारी गावातली चार माणसं बोलावतो आणि निकाल लावतो. बाबा म्हणाले, निकाल कायले, मी गायच विकतो. ते असं म्हणाले आणि गोठ्यात जाऊन चंद्रीच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे काही खरं नाही.

यात आणखी एक नुकसान झालं. माझी बायको सुकेशनी मदनसिंगच्या बायकोकडून, रंजीताकडून, तिच्या स्कूटीवर गाडी शिकत होती. भांडणामुळे शिकवणी अर्ध्यावर थांबली. सुकेशनीला गाडी सुरू करून सरळ नेता येऊ लागली होती. वळवणं बाकी होतं. ती अंगणवाडीत शिकवते आणि अंगणवाडी दोन वळणं घेतल्यावर येते.

तर अशा वातावरणात मी सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि कॉलेजला गेलो.

खुर्चीत बसतो न बसतो तोच खिशातला फोन थरथरला. "हालचाल आढळली." मला कोण आनंद झाला! पहिलं विमान! पुन्हा थरथरला. "हालचाल आढळली." मग तो थांबेचना. प्राचार्यांच्या केबिनमध्ये सह्या घेत उभा होतो, तर खिशात कोंबडी कोंडल्यासारखी फडफड.

"काही तातडीचं आहे का?" प्राचार्यांनी विचारलं.

"विमानं आहेत, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि सही न करताच पेन बंद केलं.

तिकडे वेगळाच गोंधळ झाला होता. मी निरोपाला नंबर देताना (माझ्या नेहमीच्या काटेकोरपणाने) आमचा घरचा ग्रुप निवडला होता. अंगणवाडीत सुकेशनीच्या फोनवर तेच येत होतं. हालचाल आढळली. हालचाल आढळली. तिला वाटलं, ह्यांनी चोरासाठी काहीतरी बसवलंय आणि घरात चोर शिरलाय. तिने बाबांना फोन लावला.

"मामाजी, घरात कोन हाय?"

"मी हाय."

"अजून?"

"कोनी नाई."

"मंग तुमी हालचाल करून राह्यले काय?"

"म्हंजे आता तेवढीबी नाई कराची?"

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बाबा खाटेवर ताठ बसले होते आणि पायही हलवायला तयार नव्हते. त्यांची समजूत काढण्यात चहा गार झाला. मग मी दार लावून कॉम्प्युटरवरचे आवाज ऐकायला बसलो. पायलटचा गंभीर आवाज येईल, म्हणून कान टवकारले.

टक्. टक्. टक्. टक्.

दुसरा आवाज लावला. टक्. टक्. तिसराही तसाच. घड्याळ लावून पाहिलं. सेकंदाच्या आसपास एक, अगदी नेमाने. आणि गंमत अशी, की सकाळी उन्हं चढेपर्यंत जोरात, दुपारी बंद, संध्याकाळी दव पडू लागलं की पुन्हा सुरू. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

आता कोणत्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी निष्कर्ष काढला, की हा उपग्रह आहे. सकाळ-संध्याकाळ आपल्या डोक्यावरून जातो आणि टकटक करतो. इतका नेम माणसाच्या हातून होणं शक्य नाही. निदान आमच्या घरात तरी नाही.

"उपग्रह केनवडले काहून टकटक करन?" सुकेशनीने विचारलं.

"तो सगळ्यांनाच करतो. ऐकतो फक्त मी."

"हो, ते खरं हाय," ती म्हणाली आणि कणीक मळू लागली. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी हे फक्त मुन्नाला सांगितलं. मुन्नाची फाट्यावर चहाची टपरी आहे. म्हणजे मी ते गावाला सांगितलं, असंच म्हणा. शनिवारपर्यंत संघदीपच्या (म्हणजे माझ्या) घरी वरून आवाज येतो, ही बातमी तांड्यापर्यंत गेली. कोणी म्हणालं भूकंपाची सूचना आहे. कोणी म्हणालं सरकार पिकं मोजून राह्यलं. रुखमाबाई म्हणून म्हाताऱ्या शेजारीण आहेत, त्या काठी टेकत आल्या, कानाला स्पीकर लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "कोनाचं तरी दार वाजून राह्यलं. उघडत काहून नाई?"

रविवारी सकाळी आमच्या अंगणात ही गर्दी जमली. त्याच दिवशी मदनसिंगने बोलावलेली चार माणसंही यायची होती. ती आली, पण गायीचा निकाल लावायचा सोडून आधी उपग्रह ऐकायला आत घुसली. मदनसिंग एकटाच फाटकाजवळ उभा राहिला. बाबा गोठ्याच्या दारात. मध्ये मी.

"इथून उपग्रह दिसन काय?" मुन्नाने विचारलं.

दिसणार नाही, पण तो कोणत्या दिशेला आहे ते सांगता येईल, असं मी म्हणून गेलो. (माझं सगळं आयुष्य अशा म्हणून जाण्यानेच घडलं आहे.) माझ्याकडे हातात धरायचा छोटा रेडिओ आहे. तो छातीशी धरून स्वतःभोवती फिरायचं. आपल्या पाठीकडून येणारा आवाज अंगाने अडतो आणि बारीक होतो. म्हणजे तीच दिशा. सगळ्यांसमोर मी गिरकी घेतली. मदनसिंगच्या वावराकडे पाठ झाली आणि टकटक बारीक झाली. पुन्हा गिरकी. पुन्हा तेच.

"तिकडं हाय," मी म्हणालो.

"माह्या वावरात?" मदनसिंग ओरडला. "आधी गाय, आता उपग्रह! सगळं तुमच्या घरचं माह्याच हरभऱ्यात काहून येते?"

"वरून येऊन राह्यलं, मदनभाऊ. मी फक्त दिशा सांगतो."

"पाय ठेवाचा नाई माह्या वावरात!"

पण तोवर स्कूटीवरून रंजीता आली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या ना. मलेबी पाहाचं हाय." मग मदनसिंगचाही नाइलाज झाला. खरं सांगायचं तर त्यालाही पाहायचंच होतं.

धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधावरून, आमची वरात निघाली. पुढे रेडिओ धरून मी, मागे मुन्ना, चार पंच, सुकेशनी, रंजीता, बाबा आणि सगळ्यांत मागे, आपल्याला काही देणंघेणं नाही असं दाखवत, मदनसिंग. धुकं होतं. हरभऱ्यावर दव इतकं, की पायजमे गुडघ्यापर्यंत भिजले. आणि जसजसे पुढे जात होतो तसतशी टकटक वाढत होती. आभाळातला उपग्रह शंभर पावलं चालल्याने जवळ येत नसतो. हे मला कळायला हवं होतं. पण मागे माणसं असली की माणूस विचार करत नाही, चालतो.

नाल्याकडच्या वळणावर मोठी बाभूळ आहे. त्या कोपऱ्यात काट्यांमुळे कोणी जात नाही. तिथे पोहोचलो तर रेडिओ अक्षरशः किंचाळू लागला. टक्! टक्! टक्!

"इथंच हाय! इथंच!" मी ओरडलो, रेडिओ पुढे केला, आणि त्याच्या अँटेनाच्या लांब काडीचं टोक कशाला तरी टेकलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. कोणीतरी कोपरापासून खांद्यापर्यंत लाथ घातल्यासारखं झालं. मी "जय भीम!" असं मोठ्याने म्हणालो आणि ओल्या काळ्या मातीत बसलो. रेडिओ कुठे, चष्मा कुठे.

"काय झालं? काय बोलला तो?" मुन्ना विचारत होता.

"कोन?"

"उपग्रह!"

मी बसल्या जागेवरून वर पाहिलं आणि सगळा उलगडा समोरच लटकत होता. बाभळीची एक ओली फांदी मोडून झटका मशीनच्या तारेवर पडली होती. तार आणि फांदीच्या मध्ये दर सेकंदाला निळसर ठिणगी उडत होती. ठिणगी उडाली की रेडिओत टक्. दव असलं की ठिणगी, ऊन पडून फांदी सुकली की बंद. आठवडाभर माझ्या कॉम्प्युटरने मदनसिंगचं कुंपण ऐकलं होतं.

"पन मशीन तं चालू हाय," मदनसिंग पुढे येत म्हणाला. "लाईट लुकलुकते ना रोज!"

"मशीन चालू आहे, मदनभाऊ. पण झटका इथेच गळतो. पुढच्या तारेत उरतच नाही काही."

"पुढच्या म्हंजे...?"

आम्ही सगळ्यांनी पुढे पाहिलं. धुकं जरा हललं. नाल्याकडच्या बाजूला, तार वाकवून, हरभऱ्यात गुडघ्यापर्यंत बुडालेले रोही (म्हणजे नीलगायी) उभे होते. मोठा निळाकाळा नर आणि त्याच्यामागे माद्या. तोंडात हरभरा, माना वर, आमच्याकडे पाहत. चोरी पकडल्याची लाज अशी कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. मग नराने शांतपणे घास संपवला आणि सगळा कळप नाल्यात उतरून गेला.

पंचांपैकी एकाने खाली वाकून खुरं पाहिली आणि नुसती मान हलवली. मदनसिंग बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, मी... चंद्रीले लय बोललो."

"तिले काय समजते?" बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "मले समजलं होतं."

"मंग मले मारा दोन."

"कायले? तुही तार हाय ना मारासाठी. पाह्य आमच्या पोराले," असं म्हणून बाबा हसले. आठवड्यात पहिल्यांदाच. मदनसिंगही हसला आणि दोघांनी मिळून मशीन बंद करून ती फांदी ओढून काढली. मला उठवायचं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर हरभरा वाचला. गाय विकायचा विषय निघाला नाही. सुकेशनी त्याच संध्याकाळी उजवीकडे वळायला शिकली; डावीकडचं चालू आहे. कॉम्प्युटरनेही अखेर गुरुवारी एक खरं विमान पकडलं. पायलट इंग्रजीत काहीतरी भरभर बोलला. मी ते सगळ्या घराला ऐकवलं. बाबा म्हणाले, "घाईत हाय बिचारा," आणि मला तो सन्मानच वाटला.

आणि खरं म्हणजे माझं नावही झालं. मुन्नाच्या टपरीमुळे ही गोष्ट आसेगाव, मानोऱ्यापर्यंत गेली. परवा कॉलेजात असताना मानोऱ्याहून लखमा नावाच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाजात आदर होता.

"साहेब, झटका मशीनच्या तारेतली गळती शोधनारे तुमीच काय?"

मी खुर्चीत सावरून बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "हो, मीच. माझ्याकडे त्याची पूर्ण यंत्रणा आहे. स्कॅनर आहे, कॉम्प्युटर आपोआप नोंद घेतो, अँटेना आहे. रविवारी सगळं घेऊन येतो."

"नाई नाई, ते कायले घेऊन येता एवढ्या दूर?" लखमा घाईघाईने म्हणाला. "मुन्नानं सांगतलं ना आमाले सगळं. तुमी फक्त तारेले लावाले हात घेऊन या."