रसद-मागणी परीक्षेस बसणाऱ्यांस चार शब्द

राज्य तलवारीने मिळत असेल, पण टिकते ते वैरणीवर. तलवार उपाशी असली तरी कापते. घोडा उपाशी असला की चावतो, आणि बहुधा स्वतःच्याच स्वाराला. हे गहन सत्य आमच्या वऱ्हाडात सर्वांत आधी उमगले ते छावणीच्या रसदखात्याला. (छावणी कोणती ते आम्ही सांगणार नाही. तिथली माणसे अजून आमच्याशी नीट बोलतात.)

त्या वर्षांत तिकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होता आणि इकडे अकोल्याच्या शेतकऱ्याला त्याचे फार वाईट वाटत होते. लढाई एकाएकी थांबू नये म्हणून काहींनी नवससुद्धा बोलले होते. तिकडचा कापूस विलायतेस पोचेना, म्हणून इकडच्या कापसाचा भाव असा चढला की लोक बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवू लागले. (चांदी मऊ. चार कोसांत झिजते. म्हणून बंडीमागून एक माणूस झाडू घेऊन चाले, असे म्हणतात. झाडूही चांदीचा होता, हे मात्र आम्हांस पटत नाही.)

खामगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंडीला बंडी लागलेली असे. पण छावणीला दाणावैरण वाहायला एक बंडी मिळेल तर शपथ. पूर्वी हे काम सोपे होते. शिपाई गावात येई, आवडेल त्या बंडीच्या जुवाला चिठ्ठी बांधी आणि बैलांसकट घेऊन जाई. बैल हंगाम संपल्यावर परत येत. कधी बरगड्या मोजता येतील असे येत, तर कधी निराळ्याच रंगाचे होऊन येत. आता मात्र शिपायाची पगडी लांबून दिसली की अख्खे गाव बंड्यांसह नाल्यात उतरू लागले.

अशा वेळी दुसऱ्या कोणी दंडुका उचलला असता. खात्याने परीक्षा काढली. ज्याअर्थी मागणी कशी करावी याचे ज्ञान जनतेत नाही, त्याअर्थी 'लष्करी रसद-मागणी व्यवस्थापन' या विषयाची परीक्षा अमरावतीस घेण्यात येईल, असे जाहीर झाले. उत्तीर्ण होणाऱ्यास दाखला मिळणार होता, आणि 'दाखलेवाल्याच्या घरच्या बंडीस व बैलांस कोणी हात लावू नये' असे त्या दाखल्यावर छापलेले असणार होते. हे वाचताच वऱ्हाडात विद्येची जी गोडी उत्पन्न झाली, तशी पूर्वी कधी झाली नव्हती. दवंडी ऐकणाऱ्या दर शंभर पुरुषांत नव्वद उमेदवार झाले. उरलेल्या दहांकडे बंडी नव्हती.

मूर्तिजापूरजवळच्या एका गावचे खुशालराव हे त्या नव्वदांतले. वास्तविक त्यांना अभ्यासाचा तिटकारा. परंतु त्यांच्या पत्नी मैनाबाई यांनी नवाब आणि वजीर हे दोन गोऱ्हे, त्यांची गाय मेल्यावर, दुधात चिंधी भिजवून वाढवले होते. आता ती जोडी अशी झाली होती की रस्त्याने चालली तर माणसे हातातले काम टाकून पाहत राहत. मागल्या साली शेजारची जोडी छावणीला गेली ती गेलीच. तेव्हापासून बाहेर कुत्रे भुंकले तरी मैनाबाई आधी गोठ्याकडे धावत.

"परीक्षा द्या," त्या म्हणाल्या. "माह्या लेकरायले कोनी नेलं त मी या घरात राहनार नाई."

खुशालरावांनी बरोबर मेव्हण्याला, म्हणजे मैनाबाईंचा धाकटा भाऊ सूर्यभान याला, घेतले आणि दोघे अमरावतीस इनायतुल्ला यांच्या शिकवणीत दाखल झाले. इनायतुल्ला हे रसदखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभ्या आयुष्यात त्यांनी मागितलेली एकही वस्तू वेळेवर आली नव्हती, त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार कोणीही नाकारीत नसे.

"सुनो भाई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "वरचा साहेब मागनीच्या अर्धं देते. म्हनून दुप्पट मांगा. साहेबाले मालूम हाये का तुमी दुप्पट मांगता, म्हनून तो पाव देते. म्हनून चौपट मांगा. साहेबाले हेबी मालूम हाये."

"मंग थांबाचं कुठी?" खुशालरावांनी विचारले.

"पेन्शन भेटली का थांबाचं."

सरावासाठी सोपा प्रश्न दिला जाई: एका आजारी घोड्यास कडब्याची एक पेंढी हवी आहे, मागणी लिहा. खुशालरावांनी आधी तालुक्याचा सगळा कडबा मागितला. तो वाहायला बंड्या मागितल्या. त्या बंड्यांच्या बैलांसाठी कडबा मागितला आणि तो वाहायला आणखी बंड्या. कागद संपला तेव्हा त्यांनी कागदाची मागणी लिहिली. इनायतुल्लांनी त्यांना सर्वांसमक्ष मिठी मारली. घोडा मधल्या काळात बरा होऊन गावी गेला असे समजावे, असा शेरा त्यांनी खाली दिला.

सूर्यभानची अडचण वेगळी होती. त्याला खोटे लिहिता येत नसे. जे दिसेल ते लिही आणि तेवढेच माग, अशी त्याची वृत्ती. "हा पोरगा या खात्यात बुडनार," असे गुरुजी हळहळून म्हणत.

परीक्षेच्या जाहीरनाम्यात एक कलम होते: 'उमेदवार पायी आला तरी चालेल.' कलम किती सौम्य आहे पाहा. कोणावर जबरदस्ती नाही, कोणाला आमिष नाही. परंतु त्या वर्षीच्या वऱ्हाडात शेजारच्या घरी ताक मागायलासुद्धा लोक बंडी जुंपून जात. तिथे अमरावतीला, चार तालुक्यांच्या देखत, पायी?

"पायदळ जासान त लोक काय म्हनतीन?" मैनाबाईंनी ठणकावले. "खुशालरावाची जोडी मेली म्हनतीन. बंडी घेऊनच जा."

त्यांनी स्वतः नवाब-वजिराला धुतले, शिंगे रंगवली, झुली घातल्या, गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. पोळा नसताना पोळा केला. शंकरपटाच्या शर्यतीलासुद्धा कोणी इतके नटून जात नाही. सूर्यभानही आपली बंडी सजवून निघाला. परीक्षेच्या दिवशी अमरावतीबाहेरच्या माळावर जिल्ह्यातली एकूण एक चांगली जोडी येऊन उभी राहिली. परीक्षकसाहेब तंबूतून बाहेर आले, त्यांनी माळावर दूरवर नजर फिरवली आणि डोळे पुसले. (ऊन फार होते.)

उमेदवारांना आपापल्या बंडीपाशी ओळीने बसवण्यात आले. प्रश्न एकच होता. 'आपल्या उजव्या हाताच्या उमेदवाराची बंडी व बैल छावणीस हंगाम संपेपर्यंत हवे आहेत, असे समजून मागणीपत्र लिहा. जनावरे प्रत्यक्ष पाहून वर्णन द्यावे. खाली स्वतःची सही स्पष्ट करावी.'

प्रश्न हातचा आहे हे पाहून माळभर समाधानाचा सुस्कारा उमटला. खुशालरावांनी उजवीकडच्या दर्यापूरच्या गृहस्थांची एक बंडी चौपट करून मागितली. दर्यापूरच्या गृहस्थांनी त्यांच्या उजवीकडच्या बंडीखेरीज धन्यालाही मागितले. आणि खुशालरावांच्या डाव्या बाजूला बसलेला सूर्यभान जीभ दातांत धरून, मान उजवीकडे वळवून, एकेक अक्षर कोरत बसला.

निकाल दुपारीच लागला. सर्वच्या सर्व उत्तीर्ण! अशी परीक्षा पूर्वी झाली नाही. दाखले वाटले गेले. सूर्यभान पहिला आला. परीक्षकांनी त्याची पाठ थोपटली, कारण बैलाचे इतके खरे वर्णन त्यांनी नोकरीत प्रथमच वाचले होते. मग शिपाई उठले, त्यांनी उत्तरपत्रिका गोळा केल्या आणि ज्या बंडीची मागणी होती त्या त्या बंडीच्या जुवाला ती ती बांधली.

"हा दाखला पाहा!" खुशालराव ओरडले. "हात लावू नका म्हनते!"

"तो उद्या सकाळपासून," शिपाई नम्रपणे म्हणाला. "मागनी आजची हाये."

खुशालराव रात्रभर माळावर बसून राहिले. सकाळी दाखला अमलात आला. त्यात लिहिले होते की घरच्या बंडीस कोणी हात लावू नये. घरी बंडी नव्हती आणि तिला कोणीही हात लावला नाही. सरकारी शब्द इतका तंतोतंत पाळलेला आम्ही दुसरा पाहिला नाही.

दोघे दाखलेवाले पायीच गावी आले. मैनाबाई वेशीपाशी उभ्या होत्या. बैलांसाठी त्यांनी गुळाची पोळी केली होती.

"पास झालो," खुशालराव म्हणाले.

"बैल कुठी हायेत?"

सूर्यभान पुढे झाला. "बाई, मागनी म्या लिहली. मले पैला नंबर भेटला."

"काय लिहलं?"

"जे खरं ते. दोघं सहादाती, भर जवान. नवाब डावीकडे जुपला तरच चालते. वजीर चाबूक पाहून अडते, नाव घेतलं का चालते. संध्याकाळी दोघायलेबी सरकी लागते."

मैनाबाई आता रडतील किंवा मारतील, असे खुशालरावांना वाटले.

"सरकी लिहली नं?" त्या म्हणाल्या. "बरं केलं." मग त्या तिथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. आम्हांला हे सांगताना आजही बरे वाटत नाही. पण खात्याच्या अहवालात ही बाब नसल्यामुळे ती कुठेतरी नोंदवणे भाग होते.

झाल्या प्रकारातून खाते शिकले. नव्या परीक्षेस बंडी आणण्याची सक्त मनाई केलेली आहे. उमेदवाराने अर्जात केवळ एवढेच भरायचे: घरी जनावरे किती, गोठ्याचे दार कोणत्या अंगाला, आणि उमेदवार परीक्षेला गेल्यावर घरी कोण असते. दाखल्याचा लाभ पूर्वीप्रमाणेच आहे. अमरावतीस पुन्हा झुंबड उडाली असून इनायतुल्लांनी शिकवणीसाठी मोठी जागा घेतली आहे.

वाचकहो, आपण गेल्या उमेदवारांना हसलात. हसता हसता, हा अर्ज कोठे मिळतो आणि मुदत किती, हेही मनात येऊन गेले, लपवू नका. त्याची तसदी आपण घेऊ नये. आपला अर्ज आपल्या डाव्या हाताच्या शेजाऱ्याने परवाच भरून दिला आहे. अक्षर सुरेख आहे, आणि गोठ्याचे दारही बरोबर दाखवले आहे.