वाळूच्या हौदातील बोळक्याची मोहीम

सकळ वाचकांचे सेवेसी संग्रहालयाचे तिकीटघरी बसणार कारकून याचा दंडवत. आपण काही पुसले नाही, तरी सांगणे प्राप्त आहे. जे घडले त्यातील थोडे आम्ही खिडकीतून डोळ्यांनी देखिले, थोडे शिपाईभाऊंनी सांगितले, आणि जे उभयतांस ठाऊक नाही ते आम्ही अदमासे जाणिले. बखर लिहिणारास इतकी मुभा पूर्वापार आहे.

संग्रहालयाची दौलत जुनी, इमारत भक्कम, पंखे चालू, परंतु प्रजा नाही. कोणी आला तर उन्हातून सावलीस येई, पाण्याचा नळ कोठे ते पुसे आणि निघोन जाई. आमचे अभिरक्षकसाहेब, म्हणजे संग्रहालयाचे मुख्य, विद्येचा केवळ सागर. एका खापरावर दोन प्रहर बोलतील ऐसी जिव्हा, परंतु ऐकणार कोणी नाही. घरी बाईसाहेबही 'खापर' शब्द निघताच कुकर लावावयास उठत. हे शल्य साहेबांचे काळजात फार दिवस होते. मग साहेबांनी मसलत केली की प्रजा दालनात येत नाही, तरी इतिहासच अंगणात न्यावा, आणि फर्मान सुटले की अंगणात वाळूचा हौद करावा, त्यात नवी कोरी तांबडी बोळकी पुरावी, मुलांनी खुरपी घेऊन उत्खनन करावे, आणि दारी फलक लावावा: 'सापडेल ते तुमचे'.

आता दैवगती पाहा. ज्या सकाळी बोळकी पुरावयाची त्याच सकाळी हजार वर्षांचे अस्सल बोळके, संग्रहालयाचा केवळ प्राण, धूळ झाडावयास कपाटातून काढोन साहेबांचे मेजावर ठेविले होते, आणि नव्या बोळक्यांची टोपली त्यास खेटून होती. शिपाईभाऊ मोठा इमानी माणूस. हुकूम जाहला की बोळकी पुरा, त्यांनी एकजात सारी पुरली. एक मळकट दिसले ते बाहीने पुसोन पुरले. स्वामीकार्यात कसूर म्हणून ठेविली नाही.

आणि मग फाटक उघडले आणि बालसेना खुरपी परजीत हौदावर तुटोन पडली, आणि साहेब समाधानाने कचेरीत येऊन पाहतात तो मेज मोकळे.

"भाऊ, इथलं बोळकं कुठंय?"

"पुरलं की साहेब. तुम्हीच म्हणालात ना, पुरा."

साहेबांचे पायाखालची वाळू सरकली, आणि हौदातील वाळू तर पोरे उपसतच होती. मग साहेब बूटमोज्यांनिशी खासा हौदात उतरले आणि गुडघ्यांवर रांगत डावी बगल धरिली, आणि भाऊंनी उजवीकडून मोर्चा चालविला. तेथे कोणा शूराने वाळूची बादली भाऊंचे मस्तकी रिती केली, सबब भाऊ डोळे चोळीत माघारी फिरले. साहेब मात्र हटेनात. तो एक माता मोठ्याने वदली, "अहो आजोबा, जरा मुलांनाही खेळू द्या की!" साहेबांस अद्याप पन्नाशी गाठावयाची होती. हा वार फार खोल गेला.

इतक्यात मध्यभागी आरोळी उठली. एक कन्या, घरची मंडळी तिला फटाकडी म्हणत, वय सहाचे आगेमागे, पुढील दात पडोन मुखाचेही बोळकेच जाहलेले, ती अस्सल बोळके दोहो हातांत उंच धरोन उभी. शेजारी तिची मावशी, जिचेपुढे भाजीवालेसुद्धा तराजू दोनदा तपासीत. हिसकावावे तर फलकावर साहेबांचीच सही. मग पाण्याचे टाकीमागे खलबत जाहले आणि ठरले की तह करावा, बाजारातून टोपलीभर नवी बोळकी आणवून द्यावी आणि वेळ पडलीच तर साहेबांचे फिरते खुर्चीवर चार गिरक्याही द्याव्या. साहेब तोंड उघडणार, तो फटाकडीनेच भोकाड पसरिले.

"मावशी, माझंच जुनं निघालं! मला नवं पाहिजे!"

देव पावला! भाऊंनी निमिषार्धात वाळूतून नवे बोळके उपसोन पुढे केले, अदलाबदल जाहली, अस्सल माल साहेबांचे हाती आला. येथे साहेब मौन धरते तर आमची बखर येथेच संपती. परंतु मावशी समजावीत बोलली, "जाऊ दे गं, भंगार होतं ते." मग साहेबांच्याने राहवेना. ते हौदाचे काठी बसले.

"भंगार? ये बाळ, हे बघ. आतल्या बाजूला खळगा दिसतोय? कुणीतरी ओल्या मातीत अंगठा दाबलाय. केवढासा आहे बघ. तुझ्याएवढी मुलगी असणार."

फटाकडीने आपला अंगठा त्या खळग्यात घातला. तो नेमका बसला. तिचे रडे थांबले, आणि नवे बोळके तिने भाऊंचे हाती परत दिले.

"मग हे माझं," ती म्हणाली, आणि अस्सल बोळके पोटाशी धरिले.

भाऊंनी कपाळास हात लाविला. साहेबांनी आपल्याच जिभेने आपल्याच पायावर धोंडा पाडोन घेतला होता! मग वाटाघाट फार जाहली. साहेबांनी खुर्ची देऊ केली, टोपली देऊ केली, परंतु मावशी एकच म्हणे, "फलक वाचा." अखेर फटाकडीनेच विचार करोन फर्माविले की बोळके आपलेच, यात वाद नाही, परंतु घरी धाकटा भाऊ आहे, तो दिसेल ते फोडितो, सबब ते येथेच काचेत ठेवावे, कोणास हात लावू देऊ नये, आणि आपण दर रविवारी पाहावयास येऊ तेव्हा साहेबांनी त्या मुलीची गोष्ट सांगावी, मध्येच गाळू नये. साहेबांनी सर्व कलमे तत्काळ मान्य केली. मान लववून केली, हे आम्ही खिडकीतून पाहिले.

पुढले रविवारी सरकारस्वारी आली. मावशी, आईबाप, शेजारपाजार, आणि दोहो हातांनी धरिलेला तो धाकटा भाऊ, ऐसा लवाजमा. साहेबांनी अंगठ्याची गोष्ट सांगितली, मातीची सांगितली, भट्टीची सांगितली, आणि सवयीप्रमाणे आता मंडळी उठतील म्हणून थांबले. कोणी उठेना. फटाकडी काचेवर नाक दाबोन होती.

"आणि मग?" ती म्हणाली.

सबंध चाकरीत साहेबांस हे कोणी पुसले नव्हते. त्यांनी चष्मा काढोन पुसला, पुन्हा लाविला, आणि शेजारील खापराकडे वळले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ऐसे तिकीटघरी दाखल केले असे. हे लिहून होईतो साहेब अद्याप बोलतच आहेत.