मुलुंडचा सोलो

रविवारी दुपारी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, दादूच्या गाळ्यात, एक मेलेला माणूस खाकरला आणि जयवंत घाडीच्या हातातलं भजं खाली पडलं.

खाकरणं कॅसेटवरचं होतं. पण कॅसेट दोन हजार सहा सालच्या मुलुंडच्या कार्यक्रमाची होती, आणि खाकरणारा रामनाथ दोन हजार तीनमध्येच वारला होता. रविवार असल्यामुळे आजूबाजूचे सगळे गाळे बंद होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं. आत फक्त पंखा, कॅसेटची खरखर आणि साठी ओलांडलेले तीन गृहस्थ.

हे तिघे म्हणजे 'जांभा' बँडचं आज शिल्लक असलेलं भांडवल. रॉक म्हणजे दगड, आणि आपल्याकडचा दगड म्हणजे जांभा, इतक्या सरळ विचाराने शहाऐंशी साली हे नाव ठेवलं गेलं होतं. जयवंत गायचा आणि बेस वाजवायचा, धोंडिराम ड्रम बडवायचा, आणि चारकोप गावातला रामनाथ कोळी गिटार वाजवायचा. दादू पहिल्या दिवसापासून साउंडवाला. रामनाथ काविळीने दहा दिवसांत गेला तेव्हा बँड बंदच पडायचा, पण जयवंतने त्याची गिटार हातात घेतली. बेसला दर कार्यक्रमाला नवा माणूस येऊ लागला. तीन वर्षांनी मुलुंडला जयवंतने असा काही सोलो वाजवला की लोक खुर्च्यांवर चढले. महापालिकेच्या पाणीखात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या जयवंतच्या आयुष्यात अभिमानाची म्हणावी अशी हीच एक गोष्ट. मुलुंडच्या सोलोची हकिकत तो लिफ्टमध्येसुद्धा सांगायचा, त्यामुळे सोसायटीतली बरीच माणसं जिन्याने जात.

आता बँडला चाळीस वर्षं होत होती. शनिवारी संध्याकाळी बोरीवलीच्या नाट्यगृहात मोठा कार्यक्रम होता आणि त्यात गाण्यांच्या मधे जुन्या गाजलेल्या कार्यक्रमांचे तुकडे ऐकवायचे होते. जाहिरातीवर जयवंतने स्वतः मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं, 'तोच मुलुंडचा सोलो, पुन्हा!' दादूच्या कपाटात पडून राहिलेल्या, कधी कुणी न ऐकलेल्या कॅसेटमधून तुकडे निवडायला म्हणून तिघे बसले होते.

"परत लाव," जयवंत म्हणाला.

"कशाला?" दादू म्हणाला. "जुनी कॅसेट आहे. खरखरणारच."

"खरखर वेगळी, खाकर वेगळी. सुरुवातीपासून लाव."

'जांभा'चा प्रत्येक कार्यक्रम गाऱ्हाण्याने सुरू व्हायचा. जयवंत माईकवर देवाला साकडं घालायचा आणि बाकीचे दोघे होकार द्यायचे. दादूने कॅसेट मागे नेली. मुलुंडचा जयवंत बोलू लागला, "बा देवा म्हाराजा! ह्या जागेचो जो कोण राखणदार आसात, त्येका आमचा सांगणा आसा. लाइट जावची नाय, तार तुटाची नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कॅसेटवरचा धोंडिराम म्हणाला.

आणि अर्धा ठोका उशिराने दुसरा आवाज आला, "व्हय रं म्हाराजा!"

देवाला 'रं' म्हणणारा आणि कधीही वेळेवर न म्हणणारा माणूस मुंबईत एकच होऊन गेला. मालवणी गाऱ्हाण्याची सवय नसल्यामुळे रामनाथ दर वेळी धोंडिरामच्या मागून धावायचा. त्यावर वरताण म्हणजे पुढच्याच क्षणी कॅसेटवरचा जयवंत गहिवरून म्हणाला, "आजचा सोलो आपल्या कैलासवासी रामनाथसाठी." स्वतःच्या श्रद्धांजलीला हजर राहून होकार भरणारा कैलासवासी ऐकून धोंडिरामने मांडी बदलली.

"माझ्याबरोबर दुसरो कोण नव्हतो," तो हळूच म्हणाला. "बेसवालो गुजराती होतो. तो गाऱ्हाण्याक तोंड उघडी नाय."

मग दोन हजार अकराची घाटकोपरची कॅसेट लावली. तिथेही "व्हय रं म्हाराजा", आणि सोलो वरच्या पट्टीत जायच्या आधी तेच खाकरणं.  भर दुपारी जयवंतला कधी भीती वाटली नव्हती, पण आता गाळ्याच्या दाराकडे पाठ करून बसवेना. तो उठून भिंतीला टेकला.

"बास झालं यार," दादू म्हणाला. त्याने घाम पुसला. "दुसरे तुकडे घेऊ. मरोळचा कार्यक्रम बघ ना, कामगारांचा, तोही झकास झालेला."

पण धोंडिरामने तोवर गावाला फोन लावला होता. गुरव देवळातच भेटला. सगळी हकिकत ऐकून त्याने देवाला कौल लावला आणि पाच मिनिटांनी फोनवरून निकाल दिला.

"उजवो कौल इलो. माणूस तुमच्यातच आसा. त्येच्या घरच्यांका बोलवा आणि इचारा, त्येका काय होया."

"घरच्यांना नको!" दादू एकदम ओरडला.

"का रे?"

"उगाच... त्या माउलीला त्रास."

त्रासाचा मुद्दा जयवंतलाही पटला होता, पण शनिवार डोक्यावर होता. रामनाथला काही हवं असेल तर ते शनिवारच्या आत देऊन मोकळं व्हायला हवं, नाहीतर ऐन सोलोत तो काय करील याचा नेम नव्हता. त्याने सरूबाईला फोन केला.

रामनाथची बायको सरूबाई मासळीबाजारातून थेट आली. रविवारचा धंदा करून तिचा मूळचाच जाडाभरडा आवाज पार बसला होता. तिने टोपली दाराशी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "लावा."

मुलुंडची कॅसेट फिरू लागली. "व्हय रं म्हाराजा" आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. ती रडेल म्हणून तिघेही जमिनीकडे बघत राहिले. पण सोलो सुरू झाला, खाकरणं आलं आणि सरूबाईने पदर खाली घेतला.

"ह्यो रामनाथच वाजवतंय."

"नाही वहिनी," जयवंत समजुतीने म्हणाला. "आवाज त्याचा आहे, तो कसा आला ते आम्हालाही कळेना झालंय. पण वाजवतोय मी. हा माझा मुलुंडचा सोलो."

"मना नको शिकवू. सतरा वर्सं घरात आयकलंय. आधी खाकरायचा, मंग वर जायचा. तुमच्या दादूला इचार की, कवाचा घाम पुसतंय तो." एवढं बोलून ती उठली. बर्फ वितळायच्या आत उरलेली मासळी घरी न्यायची होती. जाताना तिने कॅसेटच्या यंत्राला हात लावून नमस्कार केला.

तिची पावलं जिन्यावरून उतरून गेली आणि दादूने दोन्ही हात जोडले.

"जयवंता, मुलुंडला तुझे हात थरथरत होते. आठवतं? साउंडचेकला तुला तीन सूर धड लागेनात. रामनाथच्या गिटारला हात लावला की तुला रडू यायचं. माझ्याकडे त्याची रियाजाची टेप होती, ह्याच गाळ्यातली. सोलोला बाकी सगळे थांबतात, तू डोळे मिटतोस. मी तुझी गिटार फक्त तुझ्या पायाशी असतो त्या, तुलाच ऐकू येणाऱ्या स्पीकरच्या डब्यात ठेवली आणि लोकांना टेप ऐकवली. एकदाच करणार होतो, आईशपथ."

"आणि गाऱ्हाणं?"

"धोंडिराम एकटाच ओरडायचा. रिकामं रिकामं वाटायचं रे. रामनाथचा होकारही त्याच टेपवर होता, तोही सोडला."

 ते खुर्च्यांवर चढलेले लोक जयवंतच्या डोळ्यांसमोरून एकेक करून खाली उतरले. जोरात रडावं की दादूच्या कानाखाली द्यावी, हे त्याला ठरवता येईना.

"म्हणजे मी वीस वर्षं नुसते हात हलवले?"

"वीस नाही," दादू घाईने म्हणाला. "शेवटचं घाटकोपरला. दोन हजार चौदाला बोरीवलीत टेप यंत्रात अडकली आणि तुटली. त्या दिवशी तूच वाजवलंस. मी काही लावलं नव्हतं."

जयवंतने झडप घालून बोरीवलीची कॅसेट शोधली. सोलो छान होता. मुलुंडइतका नाही, पण छान होता, आणि त्यात खाकरणं कुठेही नव्हतं. त्याचा चेहरा उजळला. मग त्याने कॅसेट सुरुवातीला नेली. गाऱ्हाणं आलं. धोंडिराम आला. आणि अर्धा ठोका उशिराने, जरा लांबून, घोगरा आवाज आला, "व्हय रं म्हाराजा!"

दादू पांढराफटक पडला. "मी नाही," तो पुटपुटला. "टेप तुटली होती. कचऱ्यात टाकली मी." धोंडिराम चपला हातात घेऊनच गाळ्याबाहेर पडला.

पुढचे पाच दिवस जयवंतने घरात कॅसेट ऐकण्यात घालवले. त्याचा पेच साधा आणि भयंकर होता. बोरीवलीत रामनाथचं भूत आलं नसेल, तर तो सोलो जयवंतचा. पण भूत नसेल तर आवाज कुणाचा? आणि आवाज भुताचा असेल, तर गिटारसुद्धा त्यानेच वाजवली नसेल कशावरून?

"खाकरणं नाही ना त्यात," तो धोंडिरामला फोनवर म्हणाला. "म्हणजे मीच."

"भुताक काय कायम खोकलो आसतलो?" धोंडिराम म्हणाला. "बरो झालो आसात."

रत्नप्रभाने, म्हणजे जयवंतच्या बायकोने, हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं. ती बाहेर आली आणि कॅसेट बंद केली. "अहो, मेलेल्या माणसाशी किती भांडाल? गिटार घ्या नि वाजवा. आलं तर आलं."

"आणि नाही आलं तर?"

"तर नाही येत म्हणून कळेल. पाणीखात्यात पाणी नसलं की तुम्ही नाही म्हणूनच सांगत होतात ना लोकांना?"

शनिवारी नाट्यगृह भरलं. पडदा उघडायच्या आधी दादू विंगेत आला. दुसरी एक रियाजाची टेप सापडली होती, ती त्याच्या खिशात होती. "लावू?" त्याने नजर चुकवत विचारलं. जयवंतने पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाहेर जाहिरात वाचून आलेली माणसं बसली होती. एका होकारात सगळं निभावलं असतं.

"नको," तो म्हणाला. "माझी गिटार सोड. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

पडदा उघडला. जयवंतने गाऱ्हाणं सुरू केलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच त्याने देवाकडे मनापासून काहीतरी मागितलं. तार तुटू नये, लाइट जाऊ नये हे तोंडाने, आणि कुणी उत्तर देऊ नये हे मनातल्या मनात.

"व्हय म्हाराजा," धोंडिराम कसाबसा म्हणाला. त्याच्या काठ्या एकमेकींवर वाजत होत्या.

अर्धा ठोका गेला.

"व्हय रं म्हाराजा!"

धोंडिरामची एक काठी खाली पडली. जयवंतने दादूकडे पाहिलं, तर दादूने दोन्ही हात वर केले होते. आवाज घोगरा होता, लांबून आला होता, आणि सभागृहातून आला होता. जयवंतने डोळ्यांवर आडवा हात धरून उजेडापलीकडे पाहिलं. पहिल्या रांगेत नवी नऊवारी नेसलेली सरूबाई उभी होती. गिऱ्हाइकाला हाक मारावी तसा तिने तोंडाशी हात धरला होता.

जयवंतला माईकचंही भान राहिलं नाही. "वहिनी! दोन हजार चौदाला तुम्ही इथे होता?"

"मंग? हितंच, पार मागं बसलेली," सरूबाई आपल्या बसलेल्या आवाजात म्हणाली. "मुलुंड लांब पडतंय. बोरीवली कवा चुकवली मी?"

"आणि तेव्हाही तुम्हीच...?"

"तो नाय तर मी. त्याची जागा रिकामी ठेवायची काय?"

लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. जयवंतला मात्र हसू आणि रडू एकदमच आलं. बोरीवलीत भूत नव्हतं. बोरीवलीचा सोलो त्याचा होता. त्याने डोळे मिटले नाहीत. रामनाथची गिटार उचलली आणि वाजवली, रामनाथसारखी नाही, जशी त्याला येत होती तशी. वरच्या पट्टीत जाताना बोटं भाजल्यासारखी झाली, पण तीन सूर लागले, चौथाही लागला. लोक खुर्च्यांवर चढले नाहीत. बसल्या जागी मन लावून ऐकत राहिले आणि शेवटी खूप वेळ टाळ्या वाजवत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मुलुंडहून आलेले एक वयस्क गृहस्थ गर्दीतून वाट काढत जयवंतपर्यंत पोचले.

"घाडीसाहेब, एक बोलू? राग मानू नका. आज सोलोला टेप लावली होतीत ना?"

जयवंतने गिटार खाली ठेवली.

"मला कळतं हो," गृहस्थ म्हणाले. "दोन हजार सहाला मी मुलुंडला होतो. ते खरं हातचं वाजवणं! मधे माणूस खाकरलेलंसुद्धा ऐकू आलं होतं. आज सगळं कसं साफ, एक सूर इकडचा तिकडे नाही. इतकं कुणी हाताने वाजवतं का? वयाचा विचार करून लावली असेल, आमचं काही म्हणणं नाही."

जयवंतने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनाच. त्याने दादूला हाक मारली, धोंडिरामला हाक मारली, रत्नप्रभाला आणि सरूबाईला बोलावून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाला, "काका, आता बोललात ना, ते जरा ह्या सगळ्यांसमोर परत बोला."

काका बिचारे घाबरले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "टेप नसेलही. मी कुणाला सांगणार नाही."

"असं कसं, असं कसं!" जयवंत म्हणाला. "टेपच होती म्हणून सांगा. मुलुंडभर सांगा!"